उजवीकडे सरक, तन्वी

अहो,

नळाचं पाणी जायच्या आत मी पिंप भरत होते, गॅसवर दूध होतं, आणि तुम्ही तन्वीला घेऊन स्वयंपाकघरात घुसलात. मला म्हणालात, "इथे उभी राहा गं, डावा पाय पुढे." तुमच्या डावखुऱ्या लेकीसमोर बॉक्सर म्हणून मी, ओल्या हातांनी! "तन्वी, आईचा उजवा हात जोराचा. त्याच्यापासून लांब राहायचं. तुझा पुढचा पाय तिच्या पायाच्या बाहेर ठेव आणि उजवीकडे सरक." मी ओरडले, "अहो, दूध उतू जातंय!" तर म्हणालात, "जाऊ दे! पोरीचा जबडा फुटण्यापेक्षा दूध गेलेलं बरं."

त्या दुधावरून दिवसभर तोंड फुगवून बसले होते मी. कशाला बसले?

आज लिहितेय ते तन्वीसाठी. परवा तिचा सराव बघायला बोरीवलीच्या क्लबात गेले. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. येत्या रविवारी राज्याच्या संघाची निवड आहे. पोरगी दर वेळी डावीकडे सरकत होती, थेट समोरच्या मुलीच्या उजव्या ठोशात. सर ओरडत होते, "उजवीकडे, तन्वी!" तिला ऐकू येत होतं. मला ते दिसत होतं.

आधी वाटलं, विसरली असेल. पण तुमची बॉक्सिंगची पुस्तकं शब्द लावत लावत वाचलीत मी. इतक्या वर्षांची पायांची सवय अशी मोडत नाही, एवढं मला कळतं.

घरी तिच्या गालावर बर्फ धरला. "मुद्दाम जातेस ना गं त्या हातासमोर?"

मग म्हणाली, "फटका बसला की तेवढ्यापुरतं बाबा गेलेत ते आठवत नाही, आई."

तुम्ही असतात तर दोन शिव्या हासडल्या असत्यात. मला शिव्याही धड येत नाहीत. छातीत कळ आली तर "ॲसिडिटी आहे" म्हणत पडून राहिलात! पोरीला मार चुकवायला शिकवलंत, आणि स्वतः?

"रविवारी खेळणार मी," ती म्हणाली. "बाबांचं स्वप्न होतं."

होतं. मला ठाऊक आहे. रागवा हवं तर.

पण शब्द देते. तिला पुन्हा मार चुकवावासा वाटेल, त्या दिवशी मीच तिला क्लबात घेऊन जाईन. मग कुणी काही म्हणो.

दुसऱ्या दिवशी मी सरांना भेटले आणि रविवारसाठी दिलेलं तिचं नाव काढून घेतलं.

तुमची,
सुनंदा