कोरे लंगोट

३ डिसेंबर
आलो एकदाचे दीपनगरला! दोन महिने माहेरी, असोद्याला, सगळ्यांनी लाडावून ठेवलेला किरण आता माझ्या ताब्यात. क्वार्टर झकास आहे, दोन खोल्या, मागे कढीपत्ता. प्रेमराजने आतल्या खोलीत पाळणा टांगून ठेवलाय. बाप झाल्यावर नवरे कामाला लागतात म्हणायचं. मालिशला भिकुबाई अक्का येणार, मूळ धुळ्याकडच्या. नर्सबाईंनी निघताना बजावलं होतं: आठ-दहा वेळा पाजा, निदान सहा लंगोट ओले झाले पाहिजेत. म्हणून ही वही. आई हसली. हसू दे.

५ डिसेंबर
नऊ वेळा प्यायला. सात लंगोट. मी पास!

८ डिसेंबर
सकाळी मी अंघोळीला गेले आणि साहेबांनी भोकाड पसरलं. बाहेर पावलं वाजली, तशी आतूनच ओरडले, अक्का, घ्या हो त्याला. लगेच गप्प. येऊन बघते तर पाळण्यात शांत झोपलेला, अक्का निघूनही गेलेल्या. दुपारपासून मात्र सारखी भूक. अकरा वेळा.

११ डिसेंबर
चौदा वेळा. अक्का फिरकल्याच नाहीत, मी थकून गेलेय. बसल्या बसल्या डोळा लागतो, जाग येते तेव्हा तो मांडीवर पीतच असतो. कधी उचलला आठवत नाही. प्रेमराज म्हणतो, त्याने दिला नाही. ओढतोही केवढ्या जोरात, पूर्वी असा नव्हता. लंगोट तीनच.

१३ डिसेंबर
पाळण्यातून उचलून दवाखान्यात नेला. इथे आलो तेव्हा सव्वापाच किलो होता, आज चार किलो आठशे. तिथल्या बाईंनी विचारलं, नक्की पाजता ना? मी वही दाखवली. चौदा, पंधरा, चौदा. त्या वहीकडे नाही, माझ्याकडे बघत राहिल्या. मला रडूच आलं. दूध तर संपतंय. मग जातंय कुठे?

१४ डिसेंबर
अक्का आल्या. किरणला बघून मटकन खाली बसल्या. सात तारखेलाच त्या नशिराबादला लेकीकडे गेल्या होत्या. आठला आल्याच नव्हत्या. मग कोण आहे ते न बघता मी घ्या म्हणाले ते कोणाला? अक्कांचा चेहराच उतरला.

"कोन शे ते न दखता 'घ्या' म्हनानं नही, बाई. 'धरा' म्हनानं."

धरायला दिलेलं पोर परत मिळतं म्हणे. घ्यायला दिलेलं — एवढं म्हणून उठल्याच. मालिश न करताच गेल्या.

१५ डिसेंबर
सोळा वेळा. लंगोट सगळे कोरे. फार भीती वाटतेय. प्रेमराज रिक्षा आणायला गेलाय, जळगावच्या मोठ्या दवाखान्यात —

दुपार
पुन्हा डोळा लागला. पुन्हा मांडीवर. पितोय. एका हाताने लिहितेय. पदराखाली चेहरा दिसत नाही. रिक्षा अजून कशी —

आत रडू लागलं. पाळण्यात. घसा बसलेला, भुकेला. किरणचा आवाज. माझ्या किरणचा.

मग मांडीवर —

पदर उचलायची हिंमत —

रडणं बारीक होत चाललंय. आले रे सोन्या, आले, हा सोडत ना