कन्हानला न झालेलं बाळंतपण

बाबा, काल तुमच्या नातीला घेऊन रामदासपेठेतल्या दवाखान्यात गेले होते. तिला सहावा महिना लागलाय. बांधा माझ्यावर गेलाय तिचा, अंगानं भरलेली आहे. तिच्याबद्दल आहे म्हणून असं जपून लिहितेय. माझ्याबद्दल असतं तर सरळ जाडी म्हटलं असतं, सगळे तसंच म्हणायचे. बीपी बघायला आलेल्या सिस्टरनं तिच्या दंडाकडे एकदा पाहिलं, ड्रॉवरमधून रुंद पट्टा काढला, गुंडाळला, आकडा लिहिला आणि "छान आहे" म्हणून पुढच्या बाईकडे गेली. पोरीच्या लक्षातही आलं नाही की काही घडलं. मी मात्र बाहेर बाकावर बसले ते मला उठवेना. "आई, काय झालं?" तिनं विचारलं. उन्हानं गरगरलं म्हणून सांगितलं. आज सकाळी घरात कुणी नाही, तर तुम्हाला लिहायला बसलेय.

तिच्या वेळी मी गरोदर राहिले तेव्हा आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. इकडे हुडकेश्वरला सासरी सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की बाळंतपण इथंच होणार. माहेरी बाईमाणूस नाही, करणार कोण? तुम्ही एका रविवारी बसनं आलात, पायरीवर चपला काढल्या आणि पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधीच सासूबाईंना म्हणालात, "पयलं आहे, माहेरीच करू. मी तिले नेतो." सासूबाई हसल्या. "अहो, तुम्ही पुरुषमाणूस. तुम्हाला काय जमणार त्यातलं?" तुम्ही म्हणालात, "शिकीन." आणि मग पाणी प्यायलात. तुम्ही खाणीच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करणारे, हाताला सदा भाजल्याचे काळे डाग, बोलणं मोजकं. त्या दिवशी मला तुमचा इतका अभिमान वाटला होता की स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आले. हे तेव्हा सांगायला हवं होतं.

पाचव्या महिन्यात मी कन्हानला माहेरी आले. तुमची फर्स्ट शिफ्ट असायची, तरी निघण्याआधी तुम्ही ज्वारीच्या भाकरी थापून ठेवायचे. जाडसर, कडा फुटलेल्या, पण गरम. पालेभाजी, वरण, वर सांबाराची हिरवी पानं चिरून टाकलेली. पहिले आठ-पंधरा दिवस तुम्ही पातेलं माझ्यापुढे ठेवून म्हणायचे, "खाय, आता तुमी दोघं आहा." मी खायचे. लहानपणापासून ज्या ज्या घासावर कुणाची तरी नजर असायची, ते घास मी पहिल्यांदाच मान वर करून खाल्ले. मग दवाखान्याची पहिली तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी काट्याकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या की एवढ्या वजनात साखर वाढते, बीपी वाढतं, आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो, आधी वजन उतरवून मग विचार करायला हवा होता. मी त्यांना विचारू शकले असते की आता सहाव्या महिन्यात हे ऐकून मी काय करू? नाही विचारलं. परतीच्या बसमध्ये तुम्ही खिडकीबाहेर बघत होता, आणि मला वाटलं, तुम्हाला माझी लाज वाटतेय.

दुसऱ्या दिवशी घरातून गूळ नाहीसा झाला. साखरेचा डबा तुम्ही शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवला. दोन भाकरी ताटात वाढून टोपलीवर फडकं टाकायचे आणि ते फडकं इतकं नीट चारी बाजूंनी खोचायचे की मला ते उचलायचा धीर होऊ नये. काकूंनी एकदा पुरणपोळ्या पाठवल्या तर तुम्ही दारातूनच परत केल्या. मी आत कॉटवर पडून तो वास घेत होते. सकाळी सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला फिरायला न्यायचे, नदीच्या पुलापर्यंत. चहाच्या टपरीवरची माणसं बघत राहायची. तुम्ही दोन पावलं पुढे चालायचे आणि मधूनच थांबून चपलेचा अंगठा सारखा करायचे. किती तरी वेळा. मी चिडायचे, मनात म्हणायचे, नवी चप्पल तरी घ्या. माझा दम लागलेला लोकांना दिसू नये म्हणून तुम्ही थांबत होता, हे मला मुलगी चालायला लागल्यावर समजलं, ती मागे पडली की मी तसंच थांबायला लागले तेव्हा.

सातव्यात काकूंनी डोहाळजेवण ठरवलं. अंगणात मांडव नाही, नुसती ताडपत्री. प्लॅस्टिकच्या खुर्च्या भाड्यानं आणलेल्या. मला हिरवी साडी नेसवली, फुलांचे दागिने घातले. बायका गाणी म्हणताहेत, मी खुर्चीवर बसते, एक जण ओटीचं ताट पुढे करते, मी वाकते, आणि खुर्चीचे मागचे दोन्ही पाय फाकतात. मी जमिनीवर. कुठून तरी हसू फुटतं, ते दाबायचा प्रयत्न करणारी दुसरी आणखी जोरात हसते. मला लागलं नव्हतं. तुम्ही बाहेर पाण्याच्या ड्रमपाशी होता. धावत आलात, माझ्या काखेत हात घालून मला उठवलंत, आणि "लागलं का वं? पोटाले लागलं का?" एवढंच परत परत विचारत राहिलात. मी तुमचा हात झटकला. त्या सगळ्या बायकांसमोर मला कुणी उचलावं लागावं हेच मला सहन होत नव्हतं.

चार-पाच दिवसांनी तुम्ही सायकलला मागे बांधून एक लोखंडी खुर्ची आणलीत. वर्कशॉपमधल्या भंगारातल्या अँगलची, साहेबांना विचारून, सुट्टीनंतर थांबून केलेली. बसायला लाकडी फळी, रुंद, आणि दोन्ही बाजूंना हात, म्हणजे उठताना जोर देता यावा. कडा तुम्ही घासून गुळगुळीत केल्या होत्या. हिरवा रंग दिला होता, तो अजून थोडा ओला होता. "बसून पाह्य," तुम्ही म्हणालात. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला शाळा आठवली, जिथं मला बाकावर एकटीलाच बसवायचे. मी म्हटलं, "मले नाही पाहिजे. लोकांले दाखवायले आणली का, हिची खुर्चीच वेगळी लागते म्हणून?" तुम्ही खुर्ची भिंतीशी सरकवली आणि हाताला लागलेला हिरवा रंग रॉकेलच्या चिंधीनं पुसत बसलात.

आणि मग तो आठव्यातला दिवस. बीपीचा पट्टा माझ्या दंडाला पुरेना. सिस्टर गुंडाळायची, हवा भरायची, पट्टा तडतडत सुटून यायचा. तिसऱ्यांदा सुटल्यावर ती ओरडूनच म्हणाली, "अरे, मोठा पट्टा कुठं आहे? ह्या बाईला हा नाही होत." सगळा हॉल वळला. मग सोनोग्राफी. डॉक्टरबाई ते यंत्र पोटावर रुतवत होत्या आणि म्हणत होत्या, चरबीमुळे नीट दिसत नाही, किती खाता हो तुम्ही? तुम्ही पडद्याच्या बाहेर उभे होता. मी वाट बघत होते की तुम्ही काही तरी म्हणाल. तुम्ही म्हणालातही. "मॅडम, कितीदा सांगतलं हिले, तोंडावर ताबा ठेव म्हणून. आयकतच नाही. हिची माय बी अशीच गेली, खाऊन खाऊन."

बाबा, आई खाऊन गेली नव्हती. आई बीपीनं गेली, आणि त्या सकाळी ती डोकं दुखतंय म्हणत असताना तुम्ही ड्यूटीवर निघून गेला होता, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. पण त्या टेबलवर, पोटावर थंडगार जेली घेऊन पडलेली असताना, मला त्यातलं काहीही सुचलं नाही. मला फक्त एवढं ऐकू आलं की आमच्या घरातल्या दोन्ही बायका खादाड होत्या आणि त्यातली एक त्यापायी मेली. मी कपडे सारखे केले, बाहेर आले, आणि रस्त्यावर तुम्हाला सांगितलं की मी कन्हानला येत नाही, मला हुडकेश्वरच्या ऑटोत बसवून द्या. तुम्ही म्हणालात, "काहून वं? काय झालं?" तुम्हाला खरंच कळलं नव्हतं. मी म्हटलं, "काही नाही. मले माझ्या घरी जायचं आहे." माझ्या घरी. तुम्ही ऑटोवाल्याला दोनदा बजावलंत की सावकाश ने, खड्डे टाळ. ऑटो वळेपर्यंत तुम्ही तिथेच उभे होता, माझी औषधांची पिशवी तुमच्याच हातात राहिली होती.

नववा संपायच्या आधी माझं बीपी चढलं आणि सिझर करावं लागलं. तुम्ही दवाखान्यात आलात तेव्हा मी शुद्धीवर आले होते. मुलीला तुमच्या हातात दिलं, तुम्ही तिच्याकडे खूप वेळ पाहिलं आणि विचारलं, "वजन किती भरलं?" सगळेच विचारतात ते. त्या दिवशी आलेल्या प्रत्येकानं तेच विचारलं होतं. पण तुमच्या तोंडून ते आलं आणि मी भिंतीकडे तोंड केलं. तुम्ही कॉटजवळ येऊन हळूच म्हणालात, "घरी चाल. सगळं तयार आहे." मी म्हटलं, "इथंच बरी आहे मी." सासूबाई तुम्हाला म्हणाल्या, बघा, मी म्हटलं नव्हतं? तुम्ही मान डोलावली.

काय तयार होतं, ते मला काकूंनी सांगितलं, फार उशिरा, तुमच्या तेराव्याला. तुम्ही न्हाणीघराचा दरवाजा काढून चौकट रुंद करून घेतली होती. गवंड्यानं विचारलं होतं, कशाला? तर तुम्ही म्हणाला होता, पोट्टीचे टाके ओले राहतील, तिरपं व्हायला नको तिले आत जाताना. काकूंकडे बसून तुम्ही डिंकाचे लाडू शिकला होता. पहिला घाणा करपला, दुसरा जमला. बाळाला शेक द्यायला शेगडी आणून ठेवली होती. आईचा विषयही काकूंनी काढला. म्हणाल्या, "तुले पाहून त्याले तुई माय दिसे. लय भेला होता तो. रोज माझ्याजवळ म्हणे, वहिनी, हिले काही झालं तं मी काय करू?" मी त्यांच्यासमोर रडले नाही. तुमच्या स्वयंपाकघरात गेले आणि उभी राहिले.

तिच्या जन्मापासून तुम्ही जाईपर्यंतच्या चार वर्षांत आपण भांडलो नाही, अबोलाही नव्हता. मी मुलीला घेऊन यायचे, तुम्ही तिला खांद्यावर बसवून नदीवर न्यायचे. पण एक गोष्ट बदलली होती. मी जेवायला बसले की तुम्ही सगळी पातेली, भाकरीची टोपली उघडी, तुपाची वाटी, सगळं माझ्यापुढे मांडायचे आणि उठून अंगणात जायचे. माझं होईपर्यंत आत यायचे नाहीत. उन्हातही. मला वाटायचं, माझं खाणं तुम्हाला बघवत नाही. आता वाटतं, मी सुखानं खावं म्हणून तुम्ही तुमची नजर घेऊन बाहेर जात होता. दोन्हींपैकी खरं काय ते कधी विचारलं नाही. "बाबा, आत येऊन बसा ना," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. म्हणजे मला वाटतं, पुरलं असतं.

आणि तरीही, बाबा, सगळं समजून घेतल्यावरसुद्धा ते वाक्य दुखायचं थांबलेलं नाही. तुम्ही घाबरला होता हे मी मानते. पण घाबरलेल्या माणसाला "मले भेव लागते" असंही म्हणता येतं. तुम्ही तसं म्हणाला असता तर मी त्या रस्त्यावरून तुमच्यासोबत बसच्या थांब्याकडे आले असते. त्या हिरव्या खुर्चीवर बसून तुमच्या पोरीनं तुमच्या नातीला पाजलं असतं.

काल दवाखान्यातून परतताना ऑटोत पोरगी म्हणाली, "आई, सातव्यानंतर मी तुझ्याकडेच येते. डिलिव्हरी झाल्यावरही दोन-तीन महिने राहीन." मी म्हटलं, "अगं, तुझ्या सासरहून दवाखाना जवळ आहे. तिथंच राहा, मी येत-जात जाईन." ती "ठीक आहे" म्हणाली आणि मोबाइल बघायला लागली. तिचा चेहरा मी पाहिला, आणि तरी शब्द मागे घेतला नाही.

दवाखाना तिकडून जवळ आहे हे खोटं नाही. पण गेल्या आठवड्यात ती माझ्याकडे जेवायला होती. तिनं तिसऱ्या पोळीला हात घातला आणि माझ्या ओठांवर एक वाक्य आलं, तोंडावर ताबा ठेव म्हणणारं, तुमच्याच आवाजात. मी ते पाण्याबरोबर गिळलं. रोज, दोन्ही वेळा, इतके महिने गिळता येईल का, याची मला खात्री नाही. हे मी तिला सांगू शकत नाही, तिच्या बापालाही नाही. तुम्हाला सांगता येतं, कारण तुम्ही हे वाचणार नाही. मला तिची काळजी वाटते, बाबा, पण त्याहून जास्त मला माझी भीती वाटते. म्हणून मी तिला येऊ नको म्हटलं.