सिलेक्शनवाले काका

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७
आजपासून रोजनिशी. आयुष्यात शिस्त पाहिजे. नेव्हीच्या डेपोत अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला हे कोणी शिकवायची गरज नाही. हुद्दा: कॉम्प्युटर सिलेक्शन. हे कोणी वाचणार नाही, तरी नोंद असावी.

वारलू आला होता. राइस मिलमध्ये पोती उचलतो. त्याच्या पोरीला, दिव्यानीला, नागपूरच्या एका कंपनीचा कॉल आलाय. जहाजांवरचे कॉम्प्युटर बनवते म्हणे ती कंपनी. डिप्लोमा होऊन दोन वर्षं झाली, हा पहिलाच कॉल. मुलाखत १२ तारखेला, जागा एकच. वारलू म्हणाला, भाऊ, तुमी नेव्हीले कम्प्युटर निवडून देत होते, पोरीले जरा सांगा ना. म्हटलं, पाठव. लागली समज.

'लागली समज' म्हणताना शकूने चहा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. बायकोच्या पाहण्याची नोंद करायची नाही, असा नियम.

५ नोव्हेंबर, बुधवार. दुपार
पहिला क्लास. विषय: नेव्ही कॉम्प्युटर कसा निवडते. सांगितलं, सगळ्यात नवा, सगळ्यात फास्ट, सगळ्यात महाग. ऑपरेटिंग सिस्टिम एकदम लेटेस्ट. अपडेट रोज. पोरीने सगळं वहीत उतरवलं. माझी तयारी मोबाइलवर एक व्हिडिओ बघून केली होती. अर्धाच बघितला, डेटा संपला.

मग तिने विचारलं, काका, समुद्रावर खारी हवा राह्यते, मशीनले काई होत नाई का?

उत्तर तोंडापर्यंत आलं होतं. होतं ना! पिनांवर हिरवा थर चढतो. तो थर किती दिवसांत चढतो ते मला बोटांवर पाठ आहे. पण मग तिने विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत? म्हटलं, ते खालच्या लोकांचं काम. आपण सिलेक्शन.

ती गेल्यावर शकू म्हणाली, पेट्या बांधत होतो म्हनून सांगाले काऊन लाज वाटते तुमाले? म्हटलं, हळू बोल, खिडकी उघडी आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
खुलासा. मी खोटं बोललेलो नाही. एकदा डेपोतल्या आमच्या पिल्लई साहेबांनी दोन पेट्या दाखवून विचारलं होतं, गुणवंत, यातली आधी कोणती पाठवायची? मी बोट दाखवलं. तीच गेली. याला सिलेक्शन नाही तर काय म्हणतात? रिटायर होऊन ब्रह्मपुरीला आलो, कोणीतरी विचारलं, मी तेवढंच सांगितलं. बाकीचं गावाने वाढवलं. मी अडवलं नाही, इतकंच.

संकल्प: सोमवारी दिव्यानीला थोडं खरं सांगायचं. थोडंच.

९ नोव्हेंबर, रविवार
अजीमच्या दुकानात मोबाइल दाखवायला गेलो. तो म्हणाला, काका, मैंने सुना, जहाजात जुनीच सिस्टिम चालवतात, खरं का? चार माणसं उभी होती. त्याला झापलं. म्हटलं, मोबाइलच्या काचा बदलणाऱ्याने नेव्हीत तोंड घालू नये. सगळे हसले. अजीमने मान खाली घालून माझाच मोबाइल पुसून दिला.

घरी येऊन जेवण गेलं नाही. बरोबर होता तो.

डेपोत एकदा दोन मशीन तपासायला आली होती. एक नवं, चकचकीत. एक जुनं, धानाच्या कोठीसारखं जाडं. दोन्ही मीच थरथरत्या टेबलावर आवळून बांधली, मीच मिठाच्या वाफेच्या खोलीत ठेवली. नवं तिसऱ्या दिवशी मेलं. जुनं चालतच बाहेर आलं. पिल्लई साहेब म्हणाले, गुणवंत, समुद्रात दुकान नसतं. वीस वर्षं सुटे भाग मिळतील असंच मशीन घ्यायचं. आणि सिस्टिम जुनी असू दे, पण पूर्ण तपासलेली. भर समुद्रात अपडेट घेऊन मशीन बंद पडलं तर काय, पोहत येशील?

हे सगळं सांगण्यासारखं होतं. पण ते ऐकताना माझ्या हातात दोरी होती.

१० नोव्हेंबर, सोमवार
सांगितलं नाही. तिला सर्दी होती. म्हणजे मलाही होती.

११ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी ५
दिव्यानीने स्वतः बनवलेलं मशीन आणलं. वैनगंगेचं पाणी किती चढलं ते मोजतं. म्हणाली, काका, बसमध्ये फुटल का? म्हटलं, आण इकडे. खाली धानाचं वाळलं तणस, मध्ये मशीन, वर तणस, खोका बंद, दोरी. डेपोची गाठ मारली. आठ वर्षांनी मारली, पण हात विसरले नव्हते. फार बरं वाटलं. शकू दारात उभी राहून बघत होती, तिलाही बरं वाटलं असावं.

ही गाठ जितकी ओढावी तितकी घट्ट होते. एकच टोक ओढलं तर एका झटक्यात सुटते. ते टोक दिव्यानीला दाखवणार होतो. पण ती म्हणाली, बापा! काका, कुठी शिकले ही गाठ? म्हटलं, अशीच. आणि दाखवायचं राहिलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
मुलाखत. दिवसभर फोन उशाशी. वारलूने पेढे सांगून ठेवलेत म्हणे. मूर्ख माणूस. मूर्ख तो नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ११
दिव्यानी आली. खोका तसाच, दोरीसकट. नाही लागली. दुसऱ्या कोणाला घेतलं.

बसली आणि सगळं सांगितलं. मशीन दाखवा म्हणाले. गाठ सुटेना. ओढली तशी आवळत गेली. तिथल्या एका म्हाताऱ्या साहेबांनी खोका फिरवून बघितला आणि विचारलं, हा कोणी बांधला? ती म्हणाली, आमच्या गावचे गुणवंतराव काका, नेव्हीत कम्प्युटर सिलेक्शनले होते. साहेब हसले. म्हणाले, मी पिल्लई, नाव सांग त्याला. त्याने बांधलेल्या पेटीतलं एकही मशीन कधी फुटलं नाही. सोडणाराही तोच लागतो, राहू दे. मग प्रश्न विचारले. खाऱ्या हवेने काय होतं? जुनी सिस्टिम का ठेवतात? सुटे भाग किती वर्षांचे? तिने मी शिकवलेलंच सांगितलं. नवा, फास्ट, रोज अपडेट. साहेब म्हणाले, बेटा, गुणवंतला विचारून यायचं होतं. त्याला हे सगळं माहीत आहे.

एवढं सांगून दिव्यानीने खोका खाली ठेवला. रडली असती तर बरं झालं असतं.

मी काय बोललो ते लिहायलाही लाज वाटते. लिहितो. म्हणालो, तो गुणवंत दुसरा. डेपोत दोन होते. तो पॅकर होता.

आणि बोलता बोलता खोका जवळ ओढला, टोक धरलं, एका झटक्यात गाठ सोडली.

दोरी माझ्या हातात. दिव्यानीने दोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आत शकूचं लाटणं थांबलं. मग पोरगी हळूच म्हणाली, काका, त्या दुसऱ्या गुणवंतरावले इचारा ना, मले शिकवतील का? पुढच्या कॉलच्या आधी.

मले मान वर करता आली नाई.