हिचं ऑपरेशन, माझी गॅरंटी

३ मार्च
हिचं ऑपरेशन यशस्वी! एंडोमेट्रिओसिसचा निकाल लागला. गर्भाशयाच्या आतलं अस्तर भलत्याच जागी वाढतं म्हणे, आणि दर महिन्याला जीव काढतं. डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून सगळं साफ केलं. पुढे आणखी काहीतरी सांगत होत्या, पण मी ताईला फोन लावत होतो.

१९ एप्रिल
तपासणी. बाईंनी हिला विचारलं, दुखतं का? मीच सांगून टाकलं, अजिबात नाही. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. असा नवरा पाहिला नसेल.
गोळ्या चालू ठेवा, परत उद्भवू शकतं, म्हणाल्या. मी फ्रीज दुरुस्त केला तर वर्षाची गॅरंटी देतो. यांचं आपलं सगळं मोघम!

२ जुलै
दुकानात एका गिऱ्हाइकाच्या बायकोला हाच आजार. भरपूर समजावलं. ऑपरेशन करा, विषय संपवा, आमची ही बघा, ठणठणीत! गिऱ्हाईक फ्रीजचं न बोलताच गेलं.
संकल्प: हिची रोज चौकशी करायची. लगेच सुरुवात. आता दुखत नाही ना? नाही म्हणाली. बघा!

११ ऑक्टोबर
ही बाथरूममधून भिंतीला धरत बाहेर आली. दुखत नाही ना, विचारलं. नाही म्हणाली. ॲसिडिटी असणार. वेळेवर जेवत जा, म्हणून झापलं.

२७ जानेवारी
विश्वासघात! ताईचा फोन. दुसऱ्या ऑपरेशनचं काय ठरलं? कुणाच्या? तर हिच्या! कधीपासून दुखतंय. ताईला माहीत, शेजारच्या काकूंना माहीत, समोरच्या टेलरबाईला माहीत. सख्खी बहीण फितूर! गावभर गॅरंटी देत फिरणाऱ्या मला सगळ्यांनी तोंडघशी पाडलं. खरं सांगायचं तर रडूच आलं.
हिला जाब विचारला. कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, ताई विचारतात, कुठे दुखतं? तू विचारतोस, दुखत नाही ना? तू इतका खूश असायचास, काय सांगणार?

२८ जानेवारी
जाऊ दे. मन मोठं करायचं ठरवलं. दुकान बंद. यावेळी डॉक्टरीणबाईंना सगळं मी स्वतः नीट सांगणार. शर्टाला इस्त्री केली.
ही म्हणाली, तू नको येऊस, ताई येतायत. मला बोलायचंय.
इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात बसलोय.