मुठीत मावणारा फोन

प्रिय भाई,

उद्या तुझा फोन वैनीला परत नेऊन देणार आहे. तीन आठवडे तो माझ्या खिशात होता. परत देण्याआधी तुला हिशेब नाही, पण हकिगत तरी सांगावी असं वाटलं. शिवाय आठ दिवसांवर आपल्या गावचं नाटक आलंय, आणि तुझ्या विंगेत मला उभं राहायचंय. भीती वाटते तेव्हा मी लिहायला बसतो, हे तुला माहीत आहेच.

सुरुवात माझ्या अंगठ्यापासून झाली. मी तो मोठा फोन घेतला तेव्हा तू हातात घेऊन उलटासुलटा पाहिलास आणि म्हणालास, "ह्यो फोन न्हय रे, पाट. हाच्यार बसून जेवूक येता." मी हसण्यावारी नेलं. पाच वर्षं त्या पाटावर बातम्या वाचल्या, बातमीदारांची कॉपी तपासली, मथळे दिले. आता उजवा अंगठा मनगटापर्यंत ठणकतो. डिचोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, फोन लहान करा. तुझंच म्हणणं, फक्त तपासणीची फी देऊन ऐकलं.

लहान फोन म्हटल्यावर मला तुझाच आठवला. गावी पार्स्याला गेलो, वैनीकडे मागितला. तिनं जनेलाच्या गजांपाशी चार्जिंगला लावलेला काढून दिला. सायकलच्या ट्यूबचं ते काळं कव्हर अजून घट्ट होतं. ते तू का शिवलंस हे मी कधी विचारलंच नाही. घामट हातातून फोन सुटू नये आणि स्टुलावर ठेवताना आवाज होऊ नये म्हणून, हे परवा मंडळातल्या दाजीकडून कळलं. तुझ्याबद्दलच्या साध्या गोष्टी मला दुसऱ्यांकडून का कळाव्यात?

चाळीस वर्षं तू विंगेतून नटांना वाक्यं देत प्रॉम्प्टिंग केलंस. लोक नटांची नावं घेत घरी जायचे, तुझं नाव कुणी घेतलं नाही, आणि त्याचं तुला काहीच नव्हतं. आधी वही असायची. मग कागदाची सळसळ पहिल्या रांगेत ऐकू येते म्हणून तू सगळी संहिता फोनवर फोटो काढून घेतलीस. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने विंगेचा पडदा जरासा बाजूला, आणि डोळे नटाच्या ओठांवर. पडद्यासाठी एक हात मोकळा हवा, म्हणून फोन एकाच मुठीत मावायला हवा. दुकानदार तुझ्या गळ्यात मोठा मारू बघत होता तेव्हा तू मूठ मिटून दाखवलीस, एवढंच. गिऱ्हाईक म्हणून इतका स्पष्ट माणूस मी पाहिला नाही.

मृणालला मात्र हे पटलं नाही. तुझी पुतणी आता मुरगाव बंदरात नोकरी करते, तिला सगळं चोख लागतं. "बाबा, काकांचा फोन सात वर्षांचा झाला. त्याला आता अपडेट येत नाहीत. बँकेचं ॲप तरी उघडतंय का बघा." मी बघितलं. उघडलं नाही. जेवणाच्या वेळेपर्यंत बॅटरी अर्ध्यावर यायची. संपादकांचा फोन आला की दोघांपैकी एकजण विहिरीतून बोलतोय असं वाटायचं.

पण अंगठा फोनच्या चारी कोपऱ्यांत पोचत होता! दुखणं आठवडाभरात उतरलं. म्हापशाच्या दुकानात मृणालनं मला एक नवा लहान फोन दाखवला. तुझ्या फोनपेक्षा बोटभर लांब, पण मुठीत येणारा. मी दोन्ही हातांत एकेक धरून उभा राहिलो. ती म्हणाली, "घ्या ना. काकांचे फोटो यात यायला दहा मिनिटं लागतात." मी म्हटलं, बघू. खरं कारण मी तिला सांगितलं नाही.

खरं कारण तुला माहीत आहे. तू तापाने पडला होतास त्या वर्षीचं नाटक. तुझ्या जागी मी. तिसऱ्या अंकात मुलगा विचारतो, "बाबा, तुम्ही माझ्याबरोबर येणार की नाही?" आणि बाप झालेला दाजी गप्प उभा राहतो. दाजी गप्प राहिला. मला वाटलं विसरला. मी वाक्य दिलं. तो हललाही नाही, म्हणून पुन्हा दिलं, मोठ्यानं. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. सगळा मांडव हसला.

दाजी मेकअप पुसताना एवढंच म्हणाला, "बाबल्या, मी विसरूक नासलो मरे. मी बापूस जाल्लो."

तू रागावशील म्हणून मी दोन दिवस तुझ्याकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी तूच डिचोलीला आलास, अंगात कसकस असताना, पिशवीत उंडे पाव घेऊन. चहात बुडवत म्हणालास, "तुझी चूक ना. तू पेपरवालो. मोकळी जागा दिसली की तुका ती भरूक जाय." यापेक्षा अचूक माझ्याबद्दल कुणीच काही बोललेलं नाही. त्यानंतर मी विंगेत पाऊल ठेवलं नाही.

या वर्षी तुझ्या आठवणीसाठी मंडळानं तेच नाटक घेतलंय. दाजीच माझ्याकडे आला. "भाईच्या विंगेत तूच रावचो." मी नको म्हटलं. तो उठलाच नाही. शेवटी हो म्हटलं, पण मनात ठरवलं की तुझा फोन असेल तरच. म्हणजे चुकलो तर निदान तुझ्या हातातल्या वस्तूनं चुकेन. किती बालिश विचार, नाही?

मग एका संध्याकाळी तुझे फोटो पान-पान पाहत तिसऱ्या अंकाशी आलो. त्या गप्प जागेवर तू पेन्सिलीनं गोल केला होतास. आणि समासात, तुझ्या त्या तिरक्या अक्षरात: "बाबलो विंगेत रावलो तर: फोन पालथो घाल. दाजीच्या ओठांकडे पळय."

फोन पालथा, नजर ओठांवर. हे माझ्या त्या चुकीनंतर लिहिलेलं. म्हणजे मी पुन्हा उभा राहीन असं तू धरून चालला होतास? मग सांगितलं का नाहीस? मी इतकी वर्षं प्रेक्षकांत बसून घालवली, भाई.

परवा तालमीत तुझा फोन घेऊन उभा राहिलो. वैनी आली होती, समोर खुर्चीवर. तिसरा अंक चालू झाला, मुलानं प्रश्न विचारला, आणि बॅटरी वीस टक्के दाखवत असताना फोन बंद पडला. पान गेलं, खूण गेली. माझ्याकडे भरायला काहीच उरलं नाही. मग पडदा जरा सारून दाजीच्या ओठांकडे बघत राहिलो. ते मिटलेले होते, पण विसरलेल्या माणसाचे ओठ चाचपडतात, तसे ते चाचपडत नव्हते. एवढा फरक असतो होय? तू हे चाळीस वर्षं बघत होतास? दाजीनं हवा तेवढा वेळ घेतला आणि मग आपलं वाक्य आपणच म्हटलं.

तालीम संपल्यावर मी बंद फोन दाखवला तर वैनी हसली. तू गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाली, "त्येंचो फोन तो. खंय गप्प बसचें तें ताका बरें खबर."

दुसऱ्या दिवशी म्हापशाला जाऊन नवा फोन घेतला. आता तुझ्या फोनची मला तशी गरज नव्हती, आणि वैनीला आहे. सकाळी सहाला कुळागरातल्या माडा-पोफळींना पाणी सोडण्याचा तुझा गजर त्यात अजून वाजतो. वैनी तो बंद करत नाही, उठते आणि पाणी सोडते. जनेलापाशी वायरीला लावून ठेवला की तो फोन अजून बरीच वर्षं काम देईल. त्या कामाला तो नव्यापेक्षा चांगला आहे.

मृणालनं फोटो नव्यात घातले. दहा नाही, पंचवीस मिनिटं लागली. तुझं कव्हर बोटभर लांबीमुळे नव्याला बसेना, म्हणून सायकलवाल्याकडून जुनी ट्यूब आणून मीच शिवलं. टाके वाकडे आलेत. तू पाहिलं असतंस तर उसवून पुन्हा घातले असतेस.

नाटकाच्या दिवशी त्या गोलाशी आलो की मी फोन छातीवर पालथा घालीन. दाजीला लागायचा तेवढा वेळ लागो. लोक चुळबुळले, कुणी खोकलं, मंडळाचा अध्यक्ष डोळे वटारून विंगेकडे बघू लागला, तरी ती जागा मी भरणार नाही. एवढा शब्द तुला देतो.

तुझा धाकटा,
बाबलो