बाबांचा नंबर

१२ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. तुझी पाठ आता कशी आहे? इकडे सगळं ठीक. वहिनीला सांग, स्वेटर अगदी मापात बसला. म्हणजे मी जाड झालेय हे तिला न बघताच कळलं.

तू विचारलं होतंस, माझ्या फोनमध्ये ई-सिम, ते बिनकार्डाचं सिम, चालतं का. बाबांचा फोन आज ना उद्या मान टाकणार, पण त्यांचा नंबर जगला पाहिजे, तो मी माझ्याच फोनमध्ये दुसरा नंबर म्हणून घालून घ्यावा, असं तुझं म्हणणं. मी चालत नाही म्हणून कळवलं. ते खोटं होतं.

मोबाइलच्या दुकानातल्या मुलीने सांगितलं तसं स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं. ईआयडी म्हणून बत्तीस आकडे आले. ते दिसले की ई-सिम चालतं. मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावते, आणि मलाच ते आकडे धड दिसेनात. घाबरले होते, दादा.

कशाला, ते आता लिहिते. बोलायला जीभ वळली नसती.

बाबा गेले त्या दिवशी सकाळी त्यांच्याशी माझं वाजलं होतं. गॅस चालू ठेवून ते फिरायला गेले होते. मी नाही नाही ते बोलले. दुपारी दुकानात ही गर्दी, आणि फोनवर सारखं 'बाबा', 'बाबा'. म्हटलं, रिमोट सापडत नसेल. फोन पालथा घातला. सात वेळा वाजला. मग शेजारच्या काकूंचा आला, तो उचलला.

मी घरी पोचले तेव्हा बाबा बाथरूमच्या दारात पडले होते, फोन हातातच. काकू अँब्युलन्सला वाट दाखवायला खाली गेल्या, तेवढ्यात मी दोन्ही फोनमधले कॉल पुसले. नंतर काकूंनी विचारलं, "कुणाला लावत होते गं?"

"दादाला. त्याचा लागला नाही."

तू शीतगृहाच्या तळघरात कामाला, तिथे रेंज नाही, म्हणून तुलाही ते खरं वाटलं. त्या सलापायी तीन वर्षं तू घरी पाऊल टाकलं नाहीस, आणि मी गप्प बसले.

तेव्हापासून बाबांचा फोन रोज चार्ज करून कपाटात ठेवते, माझा उशाशी. वेडेपणा आहे, कळतं मला. पण वाटतं, आठवा फोन येईल. तो नंबर माझ्याच फोनमध्ये आला, तर त्यावरून मला फोन येणार कसा? म्हणून खोटं बोलले.

नंबर माझ्याच नावावर आहे. तो तू घे. तुझ्या फोनवर तेच दाबून बघ, ईआयडी दिसला तर कळव. इथलं सगळं मी करून देते. मग कधी बोलावंसं वाटलं, नुसत्या शिव्या द्यायच्या असल्या तरी, त्याच नंबरवरून फोन कर. स्क्रीनवर 'बाबा' येईल. मी पहिल्या रिंगला उचलेन.

तुझी गुन्हेगार,
धाकटी