वंदनेतलं हसू

बिबवेवाडी, पुणे
९ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस,
चैतालीचा सविनय जयभीम, वि. वि.

फोनवर तू नुसतं हो-हो म्हणतेस आणि ठेवल्यावर तुला खरं बोलायचं आठवतं, म्हणून पत्र. माझी रूममेट पूर्वा म्हणते, दोन बस बदलल्या की विश्रांतवाडी येते, तुम्ही तिकिटं कसली चिकटवताय. तिला सांगितलं, आमच्या मावशीला वाचलेलं पटतं, ऐकलेलं नाही.

स्टुडिओत लग्नसराईची गडबड आहे. बद्रीनाथशेठ अजून मला नवरा-नवरीच्या जवळ फिरकू देत नाहीत. पंगती, नातेवाईक आणि रुसलेल्या आत्या माझ्या वाट्याला. उरलेल्या वेळात कॉम्प्युटरवर बसून गेलेल्या माणसांच्या फोटोंना कोट चढवते. कोट एकच आहे, करडा, लाल टायचा. आपल्या काकांच्या फोटोला त्यांच्या धाकट्या भावाने, उत्तरेश्वरकाकांनी, करून घेतला तोही तोच. शेठना म्हटलं, निदान रंग तरी बदलू या. तर म्हणाले, ज्याला घातला त्याने आजवर तक्रार केलेली नाही.

आता मुद्दा. आधी पूर्ण वाच, मग रागाव. जानेवारीत काकांना जाऊन वर्ष झालं, त्या पुण्यानुमोदनाला भंतेजी वंदना म्हणत होते, सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. तुझे उघडे होते. तू काकांच्या फोटोकडे बघून हसत होतीस. तोंडाला पदर लावला होतास, पण हसू पदरात मावत नव्हतं. मी तुम्हा दोघांना फ्रेममध्ये घेऊन क्लिक केलं. फोटो सोबत ठेवला आहे.

एप्रिलमध्ये घोले रोडला नव्या फोटोग्राफरांचं प्रदर्शन आहे. मी दहा फोटो पाठवले, त्यात हाही पाठवला. तुला न विचारता. पाच जण निवडलेत, प्रत्येकाचा एक फोटो लागेल, आणि त्यांत मी आहे. निवड करणाऱ्या तनुजामॅडम म्हणाल्या, बाकीचे नऊ तुझ्या शेठच्या डोळ्यांनी काढलेत, हा एक तुझा आहे. या पाचांतल्या एकाला त्या वर्षभर आपल्याबरोबर कामाला घेणार आहेत. मावशी, लग्नाच्या पंगतींतून बाहेर पडायची मला दिसलेली ही पहिली वाट आहे. हा फोटो लावू का?

उत्तर रागाचं असलं तरी पाठव, आणि लोभ मात्र त्याच्याबाहेर ठेव.

तुझी,
चैताली

* * *

विश्रांतवाडी, पुणे
१७ फेब्रुवारी २०२५

चि. चैतालीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र पोचलं. तुझी निवड झाली हे वाचून शेजारच्या तुळजाबाईंना हाक मारली. त्यांनी विचारलं, कशाचा फोटो, तेव्हा मी पाकीट उघडलं आणि घाईने परत बंद केलं. त्यांना सांगितलं, पंगतीचा आहे.

नको लावूस, बाळ.

मी शाळेत गेले नाही हे तुला माहीत आहे. तुझे काका पेपर वाचून झाला की मथळ्यांवर बोट ठेवून मला विचारायचे, तिथून वाचायला शिकले. आता लायब्ररीतलं हाताला लागेल ते वाचते. एवढ्या वाचनातून एक कळलं, की लोकांपुढे ठेवलेली गोष्ट परत घेता येत नाही. नवऱ्याच्या पुण्यानुमोदनाला बाई हसते आहे, एवढंच लोक बघतील. आणि उत्तरेश्वर भाऊजी? त्यांनी तो कोट हौसेने चढवून घेतला. बाबासाहेबांनी कोट घातला तो आपल्या सगळ्यांच्या अंगावर आला, असं ते म्हणतात, आणि ते खोटं नाही. मी त्या कोटाला हसले असं त्यांना वाटलं तर मी काय सांगू?

शिवाय तू आधी विचारायला हवं होतंस. माझा चेहरा म्हणजे रस्त्यावरचं झाड नव्हे.

फोनवर खोकत होतीस, ज्येष्ठमध घे. पूर्वाला म्हणावं, तिकिटं आता कोणी चाटत नाही, पाण्याचं बोट लावलं की चिकटतात. रागावले आहे, पण रविवारी जेवायला ये. राग जेवणात घालत नाही मी.

तुझी,
शालनमावशी

* * *

बिबवेवाडी, पुणे
२ मार्च २०२५

ती. मावशीस,
सविनय जयभीम, वि. वि.

रविवारी आले तेव्हा आपण दोघी दिवसभर तो फोटो सोडून सगळ्यावर बोललो. मेथीची भाजी छान झाली होती.

फोटो मागे घेतला. तनुजामॅडमना खरं कारण सांगितलं, की विचारलं नव्हतं आणि आता नकार आला आहे. मला वाटलं, बोलणी खावी लागतील. त्यांनी एवढंच म्हटलं, दुसरा दे, कॅटलॉग महिनाअखेरीस छापायला जाईल. मी माझे सगळे फोटो चाळले, तसा दुसरा नाही. पंगतीतल्या एका आजोबांचा दिला. बरा आहे. त्याच्यासमोर कोणी थांबणार नाही.

रडले थोडी, लपवत नाही. पण तुझं झाडाचं वाक्य डोक्यातून जात नाही. मी चार वर्षं लोकांचे चेहरे काढते आहे, आणि विचारायचं असतं हे मला तुझ्या पत्रातून कळलं. काल एका लग्नात एका आजींना विचारलं, काढू का. त्या म्हणाल्या, थांब, दात लावून येते. त्या आल्याच नाहीत. शेठ म्हणाले, विचारत बसलीस तर लग्न उरकेल आणि बारसं काढावं लागेल.

एकच विचारते, उत्तर नाही दिलंस तरी चालेल. तू हसत का होतीस?

माझ्यावरची माया आहे तिथेच असू दे.

तुझी,
चैताली

* * *

विश्रांतवाडी, पुणे
१४ मार्च २०२५

चि. चैतालीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसले आणि कागद दोनदा बदलला. आमच्या लग्नात तुझ्या काकांनी त्यांच्या मामाचा कोट घातला होता. मामा धिप्पाड, आणि हे काडी. हार घालायची वेळ आली तर यांचे हातच दिसेनात. अस्तनीतून नुसती बोटांची टोकं बाहेर, आणि हार तिथे अडकलेला. मी हसले. मंडपात सगळ्यांसमोर. माझ्या आईने मागून चिमटा काढला. हे मात्र घाबरले नाहीत, हळूच म्हणाले, हस, पण हार पडू देऊ नकोस. त्यानंतर यांनी जन्मभर कोट घातला नाही. लाइनमन माणूस, अर्ध्या बाहीचा शर्ट आणि खिशाला टेस्टर. वंदनेच्या वेळी मी डोळे उघडले आणि समोर हे कोटात, तेवढेच गंभीर. मला वाटलं, आता बोटं दिसतात का बघावं. बस, एवढंच होतं.

तुझा फोटो मी कपाटात पालथा ठेवला होता. परवा सुलटा केला. हे गेल्यापासून आरशात बघते ती भांडं स्वच्छ निघालं का बघावं तशी. या फोटोतली बाई मला ओळखीची वाटली. यांना मी अशी दिसत असणार.

मग काल भाऊजींना बोलावलं आणि फोटो पुढे ठेवला. त्यांनी पुष्कळ वेळ बघितला. चहा मागितला, तो प्यायले. मग सांगू लागले, की दादा जन्मभर खांबावर चढला आणि खालून कालची पोरंही त्याला अरे वायरमन म्हणून हाक मारायची. भिंतीवर तरी कोणी अरे म्हणू नये म्हणून कोट चढवला. चैताली, हे मला माहीत नव्हतं. मी त्याला मिरवणं समजत होते. मग मी त्यांना मंडपातली गोष्ट सांगितली. ते तेव्हा लहान होते, त्यांना फक्त जिलेबी आठवते. मी विचारलं, हा फोटो लोकांपुढे लावू द्यावा का. तर म्हणाले, वहिनी, चेहरा तुमचा, मला कसलं विचारता?

तेव्हा मी माझं सांगते. अजून जमत असेल तर लाव. उशीर झाला असेल तर तेही सरळ कळव, वाईट मला वाटेल, तू वाटून घेऊ नकोस. अट एकच. खाली विधवा वगैरे काही लिहू नकोस. माझं नाव लिही, आणि यांचंही. फोटोत दोघं आहोत.

उत्तराची वाट पाहते. आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

तुझी,
शालनमावशी

* * *

विश्रांतवाडी, पुणे
२१ एप्रिल २०२५

चि. चैतालीस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

परवा घोले रोडला तू लोकांत गुंतलेली होतीस, म्हणून तिथे बोलले नाही. कॅटलॉग छापायला जायच्या आधी तू धावत जाऊन फोटो बदललास हे पूर्वाने सांगितलं. तुझे शेठ आले होते. फ्रेम डाव्या अंगाला झुकली आहे असं म्हणाले आणि स्वतःच सरळ करून गेले. माझ्या मते ती आधी सरळ होती.

मॅडमनी वर्षभराच्या कामाला पाचांतल्या विक्रमला घेतलं हे कळलं. तू मला हसत सांगितलंस, पण मी तुझी मावशी आहे. वाईट वाटायचं तेवढं वाटू दे. शेठकडे राहायचं की नाही हे आज ठरवू नकोस. मात्र विचारून फोटो काढायचं सोडू नकोस, बारसं आलं तरी चालेल.

आता मला काय झालं ते. तू पाणी आणायला गेलीस तेव्हा मी एकटी फोटोपाशी उभी होते. कॉलेजातली एक मुलगी आली, फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला आणि विचारलं, आजी, या तुम्हीच का, आणि एवढं काय हसताय? मी सांगितलं. मामा, कोट, बोटं, हार, सगळं. ती इतकी हसली की पलीकडचे दोघं आले, मग त्यांना पहिल्यापासून सांगावं लागलं. ती मुलगी मध्येच विचारत होती, आणखी कसे होते ते? गेल्या वर्षभरात ज्याने त्याने मला एवढंच विचारलं, की हे कसे गेले. कसे होते, हे त्या मुलीनेच पहिल्यांदा विचारलं. तुझं पाणी येईपर्यंत मी बोलतच होते.

प्रदर्शन रविवारपर्यंत आहे ना? मी शुक्रवारी परत जाणार आहे. भाऊजीही येतो म्हणाले. तू कामावर असशील, सुट्टी काढू नकोस. आम्हाला बस माहीत आहे.

जपून राहा. माझा जीव तुझ्यापाशी आहे, तो सांभाळ.

तुझी,
शालनमावशी